न उडालेल्या चार गोळ्या

१

येडशी स्टेशनावर रविवारी सकाळी न्यायाधीश बलभीम साळुंके यांनी आपल्या रिव्हॉल्व्हरचा घोडा चार वेळा ओढला. चारही वेळा नुसतं टिक झालं. पाचव्यांदा ओढायला साहेब उरले नाहीत, कारण तोवर कुऱ्हाड मानेत बसली होती.

मारणारा कोण, यात रहस्य काही नाही. कोंडीराम नावाचा माणूस, पाणीउपसा सोसायटीची मोटार चालवणारा. मारून झाल्यावर तो तिथल्याच बाकावर बसून राहिला. शहाऐंशीचं साल, सलग दुसरा दुष्काळ. तलावात उरलेलं पाणी सोसायटीनं उसाला ओढू नये, गावाला प्यायला ठेवावं, असा मनाई हुकूम साहेबांनी दिला होता. मोटार बंद पडली, कोंडीरामाची नोकरी गेली, आणि चेअरमन श्रीमंतरावांनी त्याच्या डोक्यात काय काय भरवलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. श्रीमंतराव शेवटपर्यंत सापडले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगाच वाट बघणार नाही.

रहस्य होतं ते गोळीचं. परवान्याचं रिव्हॉल्व्हर, डब्यातून काढलेल्या गोळ्या, आणि एकही उडू नये?

मी बंडप्पा, जिल्हा कोर्टाचा तेव्हाचा नाझर. नाझर म्हणजे बेलिफ, पट्टेवाले, खुर्च्या, पंखे आणि जप्तीचा माल यांचा कारभारी. चूक कुणाचीही असो, बोलणी मी खायची, एवढाच माझा अधिकार. साळुंके साहेब आमच्या जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या कोर्टात होते. धमकीची पत्रं यायला लागली तेव्हा त्यांनी हत्याराच्या परवान्याचा अर्ज केला. तो मिळायला चौदा महिने लागले. चौदा महिने एक न्यायाधीश कारकुनांच्या टेबलांवरून स्वतःच्या जिवाचा कागद ढकलत होता.

मग साहेबांनी एक मसुदाच लिहिला. विधानसभेत एक आमदार तो मांडणार होते. न्यायिक अधिकाऱ्याच्या परवान्याचा अर्ज महिन्यात निकालात काढावा, धमकी आली तर शिपाई द्यावा, छोटं हत्यार कोर्टात बाळगू द्यावं, असली कलमं होती त्यात. वकील मंडळी हसायची. म्हणायची, "साहेब, हत्यारांचा कायदा दिल्लीचा, तुम्ही मुंबईत काय मांडता?" साहेब शांतपणे म्हणायचे, "न्यायाधीशाला वाचवणारा कायदा अठराशे पन्नास सालापासून आहे. पण तो दाव्यापासून वाचवतो. कुऱ्हाडीपासून वाचवणारी एक ओळ तरी कुणीतरी लिहायला पाहिजे ना?"

त्या रविवारी ते तोच मसुदा घेऊन मुंबईला निघाले होते. बरोबर पट्टेवाला पिराजी ओव्हाळ. स्टेशनाचा नळ कोरडा होता, म्हणून पिराजी फिरकीचा तांब्या घेऊन बाहेर टँकरवर गेला. तेवढ्यात हे झालं.

सोमवारी फौजदारानं पिराजीला उचललं. त्याचा हिशेब सरळ होता. साहेबांशिवाय रिव्हॉल्व्हरला हात लावणारा माणूस एकच, पिराजी. ऐन वेळी गायब झाला तोही पिराजी. आणि पिराजी पंधरा वर्षं लष्करात काढून आलेला, गोळी कशी निकामी करायची हे त्याला शिकवायला नको. मंगळवारी जिल्हा न्यायाधीशांनी मला बोलावलं. म्हणाले, "नाझर, खात्याची चौकशी तुम्ही करा. शनिवारी अहवाल. गोळी का उडाली नाही याचं दुसरं कारण मिळालं नाही, तर मला त्याला बडतर्फ करावं लागेल, आणि मग कटाच्या खटल्यातून त्याला कुणी सोडवणार नाही."

माझ्या हातात चार दिवस होते. पिराजीच्या घरी बायको भिमाबाई आणि दोन लग्नाच्या पोरी. आणि कोठडीत बसलेला पिराजी कबूलही करत नव्हता आणि नाकारतही नव्हता.

२

"पिराजी, तू काही केलंस का?"

तो गजाआड भिंतीला टेकून बसला होता. बसणंही लष्करी, पाठ ताठ.

"तुमाला काय वाटतं नाझरसाहेब?"

"मला काय वाटतं ते कोण विचारतो? मला कागदावर लिहायला काहीतरी पाहिजे. रिव्हॉल्व्हर कुठं असायचं?"

"साहेबांच्या कमरंला. घरी ट्रंकेत."

"गोळ्या?"

"पंचवीसचा डबा. सहा बंदुकीत, एकोणीस डब्यात."

"साफ कोण करायचं?"

"म्या. पंधरा दिसाला."

"शेवटची कधी केलीस?"

तो बोटांवर दिवस मोजत बसला. मी पुन्हा विचारलं.

"नवरात्राच्या आदी," तो म्हणाला. "मग साहेब मुंबैला गेलते, आमदाराकडं. धा दिस. दसऱ्याला आलं."

"त्या दहा दिवसांत रिव्हॉल्व्हर कुठं होतं? बरोबर नेलं?"

"न्हाय."

"मग कुठं होतं?"

उत्तर द्यायचं सोडून तो सदऱ्याचं बटण लावायला लागला. मी चिडलो. माझा स्वभावच तसा आहे, दुसऱ्याची काळजी वाटली की मी त्याच्यावरच ओरडतो. म्हटलं, "अरे शहाण्या, बाहेर श्रीमंतरावांची माणसं चहाच्या टपरीवर काय बोलतात ऐकलंस का? आमच्याच माणसानं आमच्याच साहेबाला विकलं, म्हणतात. तुझ्या जातीचा उद्धार करतात. भिमाबाई पाण्याच्या रांगेत गेली तर बाया तिची घागर मागं सारतात. तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास तर मी तरी काय करू?"

त्यानं सगळं ऐकून घेतलं. भिमाबाईचं नाव निघालं तेव्हा मात्र मान फिरवली. निघताना मी म्हटलं, "ठीक आहे. मी साहेबांच्या घरी जाऊन बघतो."

पिराजी पहिल्यांदाच उठून गजापाशी आला.

"घरी जाऊ नका," तो म्हणाला. "म्हातारीला यातलं काय बी इचारू नका. माजं काय व्हायचं ते हू द्या."

३

जाऊ नका म्हटल्यावर जाणारच, पण मी आधी फौजदाराकडं गेलो. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला घाई होती. वरून रोज दोन फोन यायचे.

त्यानं सांगितलं ते असं. सहापैकी चार गोळ्यांच्या बुडाला घोड्याचा ठोसा बरोबर बसला होता, म्हणजे रिव्हॉल्व्हर ठणठणीत. घरच्या डब्यातल्या एकोणिसांपैकी एक त्यानं स्वतः माळावर उडवून बघितली, ती खणखणीत वाजली. म्हणजे दुकानातून आलेला मालही चांगला. बिघडल्या त्या फक्त या सहा.

"म्हणजे कुणीतरी सहाच निवडून मारल्या," फौजदार म्हणाला. "दारू काढली असेल म्हणून एक उघडून घेतली. तेरखेड्याच्या व्यंकटकडून."

"व्यंकट? ज्याची फटाक्याची शेड साहेबांनी बंद केली तो?"

"तोच. त्याच्यावरही माझा डोळा होता. नवरात्रात अष्टमीला तो साहेबांच्या घरी जाऊन आलाय. पण दाराच्या आत गेला नाही. सहा शेजारी सांगतात."

मी एसटीनं तेरखेड्याला गेलो. व्यंकट बंद शेडच्या सावलीत सुतळी वळत बसला होता. दिवाळी बारा दिवसांवर आणि त्याच्या शेडला सील. त्याला साहेबांचा राग होता आणि तो त्यानं लपवलाही नाही.

"माजी शेड बंद केली त्येनी. पर कारन बी हुतं, गेल्या साली दोन बाया भाजल्या हुत्या. अष्टमीला गेल्तो हातापाया पडायला. साहेब मुंबैला. म्हातारी म्हनली, बस, देवाफुडं तेल घालून येते. पानी दिलं आन मी आलो."

"गोळी उघडलीस त्यात काय दिसलं?"

"दारू एकदम कोरडी. झकास. मेली हुती ती बुडाची टोपी. ठोसा बसला की ठिनगी टाकती ती. त्यात तेल उतरलं हुतं. एका राती उतरत न्हाय त्ये. आठ-नऊ दीस तेलात बुडवून ठिवली असंल, तवा कुटं."

"हे फौजदाराला सांगितलंस?"

"तेल म्हनून सांगितलं. कसलं तेल त्ये त्येनी इचारलं न्हाय."

"कसलं?"

व्यंकटनं सुतळी खाली ठेवली. "मशीनचं न्हाय, राकेल बी न्हाय. करडीचं. भाजीला घालतो तसलं. आन आनिक एक. गोळीच्या बुडाला खाच असती, कडंनं. वरून पुसून लख्ख केलीया, पर त्या खाचंत पिवळं हुतं. म्या नखानं काडून जिभंला लावलं."

मला उत्तर नको होतं. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, आपण एसटीत बसून सरळ परत जावं आणि अहवालात काहीही खरडावं.

"हळद," व्यंकट म्हणाला.

४

तेरखेड्याहून येताना मी गाडीत सगळं जुळवून बघितलं. वाईट करणारा माणूस काय करील? गोळ्या चोरील, बदलील, घोडा मोडून ठेवील. तो सहा गोळ्या नऊ दिवस स्वयंपाकाच्या तेलात घालणार नाही. घातल्या तरी एकेक काढून फडक्यानं पुसणार नाही. आणि हळद? हळद दुष्मनाच्या हातून लागत नाही. पिराजीला तर बंदुकीला तेल आणि गोळी कोरडी हा नियम पाठ. शिवाय तो बौद्ध, त्याच्या घरात छप्पन सालापासून घट बसत नाही की शस्त्र पूजलं जात नाही. ज्यानं हे केलं त्याला गोळी मारायची नव्हती. त्याला ती जगवायची होती.

आपल्याकडं खंडेनवमीला हत्यारं पूजतात. कोयता, विळा, नांगराचा फाळ, कोर्टात आम्ही टाइपरायटरसुद्धा पूजतो. लोखंडाला तेल दिलं की ते वर्षभर गंजत नाही, दगा देत नाही. कोयत्याच्या बाबतीत हे खरंच आहे. ज्या बाईनं जन्मभर कोयता-विळाच बघितला, तिला गोळी वेगळी असते हे कुणी सांगायचं?

शुक्रवारी सकाळी मी साहेबांच्या घरी गेलो. साहेबांची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती, मूलबाळ नव्हतं. घरात फक्त आई, तुळजाबाई. सत्तरीची, शेतात राबलेली, हाताची नखं झिजलेली. पिराजीचं काय झालं, हेच तिनं आधी विचारलं.

"पिराजीला कशापायी धरलंय? त्यो रोज यायचा. आता पान्याची घागर बी कुनी आनून देत न्हाय."

"त्याच्यासाठीच आलोय, आई. तुमची जबानी लिहून घ्यायची आहे. नवरात्रात साहेबांची बंदूक कुठं होती?"

ती खुलली. सहा दिवसांत तिला कुणी काही धड विचारलंच नव्हतं. येणारा तो नुसता रडायचा आणि जायचा.

"देवापाशी. बलभीम म्हनला, आई, बंदूक ट्रंकंत ठिवतो. म्या म्हनलं, न्हाय, नऊ दीस देवीम्होरं र्‍हाऊ दे, तुला राखनाऱ्या वस्तूला शक्ती नगं का? हसला. सहा गोळ्या काडल्या, वाटीत घातल्या आन म्हनला, बंदूक रिकामी र्‍हाऊ दे, घोड्याला हात लावू नगंस. म्या कशाला लावतीय? बंदुकीला नुसतं हळदकुकू व्हायलं. गोळ्यांस्नी मातर नीट केलं. पैल्या माळंला वाटीत बुडंस्तवर तेल घातलं. रोज हळद-अक्षता. वाती बी त्याच तेलावर. दुष्काळात तेल मिळत न्हाय, म्या भाजी बिनतेलाची केली नऊ दीस, पर वाटी कमी पडू दिली न्हाय. दसऱ्याला आला तवा पदरानं येक येक पुसून त्येच्या हातावर ठिवली. चांदीवानी दिसत हुत्या."

मी लिहीत होतो. लिहिण्याशिवाय मी काय करणार होतो? हात थांबला असता तर तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं असतं.

चौकशीचा नियम असा की जबानी साक्षीदाराला वाचून दाखवायची आणि मगच सही घ्यायची. बारा वर्षं मी हा नियम पाळला होता आणि कधी जड गेला नव्हता. मी वाचलं. नऊ दिवस, करडीचं तेल, हळद, गोळ्या बुडेपर्यंत. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. एका ठिकाणी तिनं दुरुस्ती सुचवली.

"पदरानं न्हवं, नव्या खणाच्या कापडानं. तसं लिवा."

मी तसं लिहिलं. तिनं अंगठा दिला आणि विचारलं, "ह्यानं पिराजी सुटंल?"

"सुटेल, आई."

५

सुटला. पण कसा ते ऐका.

जिल्हा न्यायाधीशांनी अहवाल दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "नाझर, हे खरं आहे यात मला शंका नाही. पण बाहेर गेलं तर त्या माउलीचं काय होईल? आणि दुसरं म्हणजे आमदारांचा सकाळीच फोन होता. विधेयकाला लोकांचा पाठिंबा मिळतोय. न्यायाधीशाचं हत्यार आईच्या पूजेनं निकामी झालं, असं छापून आलं तर सभागृहात हशा पिकेल." अहवाल सीलबंद पाकिटात गेला. फौजदाराला तोंडी समज मिळाली. त्यानं पिराजीविरुद्ध पुरावा नाही असं लिहून त्याला सोडलं. पुरावा नाही एवढंच. निर्दोष आहे असं कुणी कुठं लिहिलं नाही. टपरीवरची बडबड होती तशीच राहिली. उलट लोक म्हणाले, वरनं दाबलं. आणि मी सगळं ठाऊक असून तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होतो. विधेयकाचं म्हणाल तर ते अधिवेशन संपलं आणि मसुदा कुणाच्या कपाटात गेला ते मला आजही माहीत नाही.

पिराजी कोठडीतून बाहेर आला तो माझ्यावर संतापूनच.

"म्या सांगितलं हुतं, जाऊ नका म्हनून."

"तू फासावर गेला असतास."

"गेलो असतो. साहेबांनी गोळ्या भरल्या तवाच म्या बगितलं हुतं. तेलकट चकाकी कळती आमास्नी. म्हनलं, साहेब, ह्या काडा, डब्यातल्या घाला. साहेब म्हनले, आई बगतीय रं, तिनं नऊ दीस पुजल्यात. मुंबैहून आलो की बदलू." तो कोठडीच्या पायरीवर बसला. "म्या हट्ट धराय पायजे हुता. म्या गुमान र्‍हायलो. मग दोष कुनाचा, सांगा."

दिवाळी झाल्यावर तुळजाबाईंचा निरोप आला, दोघांनी येऊन जावं. आम्ही गेलो. घर आवरलेलं होतं, ती भावाकडं गावी निघाली होती. तिनं आम्हाला समोर बसवलं.

"येक इचारायचं हाय," ती म्हणाली. "म्या अडानी बाई, पर डोकं हाय मला. म्या तुमाला माज्या पूजंचं सांगितलं. तुमी त्ये लिवलं. दुसऱ्या दिशी पिराजी सुटला. माज्या पूजंचा आन ह्येच्या सुटन्याचा काय संबंद?"

मी पिराजीकडं बघितलं, आणि ती त्याच्याकडं वळली.

"पिराजी, तू लष्करातला. तू सांग. तेलानं गोळी मरती का?"

पिराजीनं लगेच मान हलवली. "न्हाय, आईसाहेब. गोळ्या जुन्या हुत्या. दुकानदारानं फसवलं."

तिनं माझ्याकडं बघितलं. एकोणिसातली एक माळावर वाजली होती हे मला माहीत होतं. तिचा अंगठा उठवलेला कागद माझ्याच अक्षरात होता.

"होय, आई," मी म्हटलं. "जुन्याच होत्या."

ती उठली, आम्हाला पाणी आणून दिलं आणि उंबऱ्याजवळ बसली.

"असंच समद्यास्नी सांगा," ती म्हणाली. "आन मला बी सांगत जावा. येकडाव सांगून भागायचं न्हाय."

त्यानंतर ती तीन वर्षं जगली. महिन्या-दोन महिन्यांनी आम्ही तिच्या भावाच्या गावी जायचो, कधी पिराजी, कधी मी. चहा व्हायचा, पाण्यापावसाचं बोलणं व्हायचं. निघायच्या आधी ती आमच्याकडं बघत थांबायची, आणि आम्ही सांगायचो, गोळ्या जुन्या होत्या.